आत्याबाईला मिशा असत्या तर? सरकारी धोरणाचा परिणाम मोजायला पहिल्यांदाच बसताय त्यांच्यासाठी

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं" असं म्हणून जर-तर करणाऱ्या माणसाला गप्प बसवतात. सरकारी योजनेचा किंवा कायद्याचा परिणाम मोजायचा म्हणजे मात्र नेमकं हेच आत्याबाईचं काम. योजना आली, दोन वर्षांनी लोकांचं उत्पन्न वाढलेलं दिसलं, ठीक आहे, पण योजना आलीच नसती तर किती वाढलं असतं? ते "नसती तर" वालं जग कुणी बघितलेलं नाही, कुठल्या सर्व्हेत ते सापडत नाही, आणि आपला सगळा धंदा म्हणजे ते न दिसणारं जग चार लोकांना पटेल असं उभं करून दाखवणं. रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यात मोजायची रीत), सॉफ्टवेअर, तीन-तीन चांदण्या (निकाल नुसता योगायोग नसावा याची खूण) लावलेले टेबल वगैरे सगळं त्याच्या मागून येतं.

हे लिहायचं कारण म्हणजे या कामात नवीन आलेली मुलं-मुली पहिला प्रश्न हमखास "कुठली मेथड वापरू?" असाच विचारतात. खाली बघा, मेथड चौथ्या पायरीवर आहे. आणि हो, गणित फार लागत नाही, बेरीज-वजाबाकी, सरासरी आणि थोडं स्टॅटिस्टिक्स येत असेल तर सुरुवात होते, बाकीचं काम करता करता येतं.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"योजनेचा फायदा झाला का" हे भाषणात ठीक आहे, त्याच्यावर काम करता येत नाही. वाक्य असं पाहिजे: अमुक योजनेमुळे, अमुक लोकांची, अमुक काळात, अमुक गोष्ट, कशाच्या तुलनेत किती बदलली. हे "कशाच्या तुलनेत" सगळे विसरतात. समजा बेरोजगारांना ट्रेनिंग द्यायची योजना आहे. तुलना कशाशी करायची, अजिबात ट्रेनिंग न मिळण्याशी, की लोक एरवी स्वतःच्या पैशाने जो काही कोर्स करतात त्याच्याशी? दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळे आकडे येणार, आणि ज्याला रिपोर्ट द्यायचाय त्याला कुठला हवाय हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

मुख्य आउटकम, म्हणजे जिच्यातला बदल मोजायचा ती गोष्ट, एकच ठरवा, फार तर दोन. वीस गोष्टी मोजल्या तर योजनेने काहीच केलेलं नसलं तरी त्यातली सरासरी एक पाच टक्क्यांच्या टेस्टमधून नुसत्या योगायोगाने पास होते, आणि मग माणसाला मोह होतो की तीच एक उचलून हेडलाईन करावी. म्हणून डेटा उघडायच्या आधी काय तपासणार ते लिहून तारीख टाकून ठेवायची पद्धत आलीये, अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने तर २०१३ पासून प्रयोगांसाठी त्याची रजिस्ट्रीच चालवलीये. तुमचं काम छोटं असेल तर स्वतःला एक ईमेल करून ठेवा, तेवढंही पुरतं.

पायरी २: योजना कुणाला मिळाली, आणि त्यांनाच का?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि दुर्दैवाने सगळ्यात कंटाळवाणीही, कारण इथे लॅपटॉपचं काम फारसं नसतं. सरकारी आदेश वाचायचे, नियमावली वाचायची, त्यातले बदल कधी झाले ते वाचायचं, आणि मग ज्यांनी योजना प्रत्यक्ष राबवली त्या माणसांना विचारायचं की कागदावर असं लिहिलंय पण खरं काय होत होतं. या दोन्हींत फरक असतोच, आणि तो फरक नाही कळला तर पुढचं सगळं उंटावरून शेळ्या हाकणं.

तुम्हाला शोधायचंय ते हे की लाभार्थी आणि बाकीचे यांच्यातली वाटणी कशी झाली. ढोबळमानाने चार प्रकार सापडतात.

पहिला, चिठ्ठ्या टाकून. तुम्ही नशीबवान. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याकडे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात थोड्याच जागा होत्या आणि जवळजवळ नव्वद हजार लोकांनी नावं नोंदवली होती, म्हणून त्यांनी सरळ लॉटरी काढली. नंबर लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशीब सोडून कसला फरक असणार? मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा ही योजना सुरू केली, मुलांना शाळेत आणि दवाखान्यात पाठवा तर पैसे देऊ अशी, आणि अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर असं चिठ्ठ्यांनी ठरवलं. उशिरा आलेली गावं तोपर्यंत तुलनेला मिळाली.

दुसरा प्रकार, रेषा मारून. उत्पन्न इतक्याच्या खाली, मार्क इतक्याच्या वर, वय इतकं पूर्ण. रेषेच्या जरासे अलीकडचे आणि जरासे पलीकडचे लोक जवळपास सारखेच असतात, पण एकाला मिळतं आणि एकाला नाही. याचं माझं आवडतं उदाहरण इस्रायलच्या शाळांचं. तिथे वर्गात ४० पेक्षा जास्त मुलं नकोत हा नियम, जो बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या धर्मपंडिताच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे इयत्तेत ४० मुलं असतील तर एकच भरगच्च वर्ग, आणि एक मूल वाढलं की २० आणि २१ चे दोन. अँग्रिस्ट आणि लॅव्ही यांनी १९९९ मध्ये याच खाचेचा उपयोग करून लहान वर्गात मुलं जास्त शिकतात का ते तपासलं.

तिसरा, इथे आली तिथे नाही, किंवा इथे आधी आली तिथे नंतर. रोजच्या कामात हाच जास्त भेटतो, त्याच्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथा, लोकांनी स्वतः अर्ज केले किंवा अधिकाऱ्यांनी निवडले. इथे सांभाळा. जो धडपड्या आहे तोच अर्ज करतो, आणि धडपड्या माणसाचं योजनेशिवायही बरं चाललं असतं. उलटंही होतं. सरकार सगळ्यात वाईट भागात आधी पोचलं तर योजनेमुळेच भाग मागास राहिला असं टेबलात दिसतं. आणि एक गमतीशीर प्रकार ॲशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवला, तो त्यांच्याच नावाने "ॲशेनफेल्टर डिप" म्हणून ओळखतात: लोक ट्रेनिंगला येतात तेच मुळी कमाई नुकतीच घसरलेली असताना, नोकरी गेली म्हणून. ती कमाई पुढच्या वर्षी तशीही थोडी वर आली असती. आधी-नंतरची नुसती वजाबाकी केलीत तर ती सगळी सुधारणा योजनेच्या खात्यात जमा होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, फक्त इथे कावळा फांदी मोडायला आली की मगच येऊन बसतो.

पायरी ३: तुलनेचा गट, आणि एक व्यायाम जो करूनच पुढे जा

वाचून हे पटतं, पण अंगात मुरत नाही, त्यासाठी लालोंड यांचा डेटा स्वतः चालवून बघा. तो फुकट मिळतो, आर, स्टाटा, पायथन यातलं कुठलंही सॉफ्टवेअर वापरा.

गोष्ट अशी. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ज्यांना नोकरी मिळणं फार अवघड होतं अशा लोकांना काही महिने कामाचा अनुभव द्यायचा एक कार्यक्रम चालला, आणि कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्यांनी ठरलं. म्हणजे खरं उत्तर प्रयोगातून माहीत होतं. रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये काय केलं, तर चिठ्ठीतून आलेला कंट्रोल ग्रुप, म्हणजे योजना न मिळालेला तुलनेचा गट, बाजूला ठेवला, त्याच्या जागी राष्ट्रीय सर्व्हेतली साधी माणसं बसवली, आणि बघितलं की तेव्हाच्या नेहमीच्या इकॉनॉमेट्रिक्सच्या, म्हणजे अर्थशास्त्रातल्या स्टॅटिस्टिक्सच्या, युक्त्या वापरून तेच उत्तर परत मिळतं का. बहुतेक वेळा नाही मिळालं, त्या काळात तो मोठाच धक्का होता.

आज बहुतेक जण या डेटाचा जो भाग वापरतात तो देहेजिया आणि वाहबा यांनी १९९९ मध्ये निवडलेला: १८५ लाभार्थी पुरुष आणि चिठ्ठीतलेच २६० कंट्रोल. १९७८ च्या कमाईची साधी वजाबाकी केली की फायदा येतो वर्षाला साधारण १,७९४ डॉलर. आता ते २६० काढा आणि "पॅनेल स्टडी ऑफ इनकम डायनॅमिक्स" या अमेरिकी सर्व्हेतले २,४९० पुरुष घाला. उत्तर येतं उणे १५,२०५ डॉलर. करंट पॉप्युलेशन सर्व्हेतले लोक घातले तर उणे ८,४९८. लाभार्थी तेच, त्यांची कमाई तीच, फक्त शेजारी कुणाला उभं केलं ते बदललं, आणि बरी योजना माणसाला देशोधडीला लावणारी दिसायला लागली.

हे कसं दुरुस्त करायचं तेही याच डेटावर शिका. वय, शिक्षण, आधीच्या वर्षांची कमाई बघून सारखी माणसं शोधायची, त्याला मॅचिंग म्हणतात, आणि देहेजिया-वाहबांना त्याने उत्तर बरंच जवळ आलं. मग २००५ मध्ये स्मिथ आणि टॉड यांनी दाखवलं की सँपल किंवा मॉडेल थोडं बदललं की ते परत लांब जातं. माझं मत विचाराल तर मॅचिंग वाईट नाही, पण दिसणाऱ्या गोष्टी सारख्या केल्या म्हणून न दिसणाऱ्याही सारख्या झाल्या असं धरून चालणारे लोक भेटतात तेव्हा मला भीती वाटते.

पायरी ४: आता मेथड

दुसरी पायरी नीट केली असेल तर मेथड जवळजवळ ठरलेलीच असते. चिठ्ठ्या असतील तर सरासरींची वजाबाकी, रेषा असेल तर रेषेच्या दोन बाजूंची तुलना, इथे-तिथे असेल तर "डिफरन्स इन डिफरन्सेस". नाव लांबलचक आहे, काम दोन वजाबाक्यांचं आहे, हातानेच करून बघू.

१ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ४.२५ च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्टफूड रेस्टॉरंटना वाढीच्या आधी आणि मग वर्षाच्या शेवटी फोन करून विचारलं की तुमच्याकडे माणसं किती. अर्धवेळवाले अर्धे धरून न्यू जर्सीची सरासरी आधी २०.४४ आणि नंतर २१.०३. पेनसिल्व्हेनियाची आधी २३.३३, नंतर २१.१७.

आता नुसती नंतरची तुलना केली तर दोन्ही राज्यं जवळपास सारखीच दिसतात, आणि आपण म्हणणार परिणाम शून्य. न्यू जर्सीची नुसती आधी-नंतर केली तर ०.५९ ने वाढ. पण त्याच काळात पेनसिल्व्हेनियात २.१६ ने घट झाली, म्हणजे एकंदर हवा मंदीची होती. ती हवा न्यू जर्सीलाही लागली असती असं धरलं तर वाढ ०.५९ अधिक २.१६, त्यांच्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, राउंडिंगमुळे २.७६ छापलंय. वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात हे तेव्हा जवळजवळ पाठ्यपुस्तकी सत्य होतं, त्यामुळे १९९४ मध्ये हा पेपर आल्यावर किती आरडाओरडा झाला असेल बघा. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगाराच्या रेकॉर्डवरून उलटं उत्तर काढलं, मग २००० मध्ये कार्ड-क्रूगर यांनी सरकारी पेरोल डेटा घेऊन उत्तर दिलं की परिणाम फार तर थोडासा आहे, नोकऱ्यांची मोठी घट काही दिसत नाही. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, बरोबर अँग्रिस्ट आणि इंबेन्स.

वर मी "ती हवा न्यू जर्सीलाही लागली असती असं धरलं तर" असं पटकन म्हणून गेले. सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे. त्याला पॅरलल ट्रेंड्स म्हणतात: योजना नसती तर दोन्ही गट सारख्याच चालीने पुढे गेले असते. हे सिद्ध करता येत नाही, आत्याबाई परत आल्या. निदान एवढं करता येतं की योजनेच्या आधीची पाच-सहा वर्षं घेऊन दोन्ही गटांच्या रेषा काढायच्या आणि बघायचं तेव्हा तरी जोडीने चालत होत्या का. आधीच फाटा फुटलेला असेल तर तिथेच थांबा आणि दुसरा तुलना गट शोधा.

एक खड्डा इथेच सांगून टाकते कारण नवीन माणूस त्यात हमखास पडतो. योजना वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वर्षी आली असेल तर लोक सगळ्या भागांचे आणि सगळ्या वर्षांचे डमी (तो भाग किंवा ते वर्ष असेल तर १, नसेल तर ०) टाकून एक रिग्रेशन मारतात. वर्षानुवर्षं सगळे तेच करायचे. गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये दाखवलं की त्यात आधी योजना मिळालेले भाग नंतरच्यांसाठी कंट्रोल म्हणून वापरले जातात, आणि परिणाम काळानुसार वाढत असेल तर उत्तर भलतंच येतं, कधी कधी चिन्हही उलटं. कॅलवे आणि सँट-आना यांची पद्धत वापरा, तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये तयार पॅकेजेस आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

एकच राज्य किंवा एकच देश असेल तर सिंथेटिक कंट्रोल बघा. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये प्रपोझिशन ९९ नावाचा तंबाखूविरोधी कायदा मतदानाने पास केला, त्याच्यासारखं दुसरं एकही राज्य नव्हतं, म्हणून अबादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाकी राज्यांना वेगवेगळं वजन देऊन एक मिश्रण केलं, जे कायद्याआधी सिगारेटच्या खपात हुबेहूब कॅलिफोर्नियासारखं वागत होतं, आणि नंतर दोघांत किती अंतर पडलं ते मोजलं. चित्र बघितल्या बघितल्या कळतं, म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यांना ही पद्धत फार आवडते.

पायरी ५: डेटा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि याच्यावर कुणी पेपर लिहीत नाही. मी सुरुवातीला एका योजनेचा परिणाम मोजायला बसले होते आणि उत्तर इतकं मोठं आलं की रात्रभर झोप नाही, आता आपलं नाव होणार. दोन आठवड्यांनी प्रश्नावली शेजारी-शेजारी ठेवून वाचली तेव्हा दिसलं की पहिल्या फेरीत "गेल्या आठवड्यात काम केलं का" विचारलं होतं आणि दुसऱ्या फेरीत "गेल्या महिन्यात". बस, एवढंच. महिन्याभरात एखादा दिवस काम कुणीही करतो. योजनेचा परिणाम म्हणून मी जे साजरं करत होते तो प्रश्नातल्या एका शब्दाचा परिणाम होता. मला ते बॉसच्या आधी सापडलं हे माझं नशीब.

तेव्हापासूनचे माझे नियम. प्रत्येक फेरीची प्रश्नावली वाचायची, फक्त कोडबुक (कुठल्या आकड्याचा अर्थ काय त्याची यादी) नाही. ९९९९ किंवा उणे १ असे आकडे म्हणजे "उत्तर नाही" असू शकतं, ते सरासरीत घुसले तर सरासरी गेली. प्रशासकीय हद्दी मधल्या काळात बदलल्या का ते बघायचं, नाहीतर एकाच भागाचे दोन तुकडे झालेले असतात आणि आपण म्हणतो लोकसंख्या निम्मी झाली. दोन फायली जोडल्यावर किती ओळी जुळल्या नाहीत ते मोजायचं आणि न जुळलेल्या कोण आहेत ते बघायचं. मूळ फाईलला हात लावायचा नाही, सगळी साफसफाई कोडमधून, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं "हा आकडा कुठून आला" तर घाम फुटत नाही.

पायरी ६: स्वतःचंच उत्तर मोडून बघा

उत्तर आलं, आवडलं, आता त्याचे शत्रू व्हा. योजना खोट्या तारखेला आली असं धरून तेच कोड चालवा, तेव्हाही "परिणाम" आला तर घोळ आहे. ज्याच्यावर योजनेचा परिणाम होणं शक्यच नाही अशी गोष्ट आउटकम म्हणून टाका, म्हणजे निवृत्तांची पेन्शन वगैरे, तिथेही चांदण्या दिसल्या तर घोळ आहे. मधल्या काळात सर्व्हेतून गळालेले लोक कोण ते बघा, कंट्रोलमधले कंटाळून निघून गेले आणि लाभार्थी राहिले असं फार होतं.

आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे आपला आकडा योगायोगाने किती इकडे-तिकडे होऊ शकतो त्याचं माप. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लईनाथन यांनी २००४ मध्ये एक मजेदार उद्योग केला, अमेरिकेच्या राज्यांमध्ये कधीच न झालेले कायदे कॉम्प्युटरने कुठेही टाकले आणि महिलांच्या पगारावर त्यांचा "परिणाम" मोजला. खरं तर शंभरातल्या पाचेक वेळाच योगायोगाने काहीतरी दिसायला हवं होतं, दिसलं ४५ टक्क्यांपर्यंत. कारण एका राज्यातली या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची माहिती स्वतंत्र नसते, ती एकच गोष्ट थोडी परत सांगत असते, आणि सॉफ्टवेअरला वाटतं आपल्याकडे केवढा पुरावा आहे. म्हणून योजना ज्या पातळीवर ठरली, म्हणजे राज्य, गाव, शाळा, त्या पातळीवर स्टँडर्ड एरर क्लस्टर करा, म्हणजे एका गटातली माहिती एकमेकांशी जोडलेली आहे असं धरून काढा. असे गटच पाच-सहा असतील तर नुसतं क्लस्टर करूनही भागत नाही. या हिशोबाने बघितलं तर कार्ड-क्रूगर यांच्याकडे रेस्टॉरंटं ४१०, पण राज्यं दोनच, हा आक्षेप लोक आजही घेतात आणि तो खोटा नाही.

पायरी ७: आकडा वाचायचा कसा

"सिग्निफिकंट आहे" म्हणून थांबू नका. न्यू जर्सीच्या २.७६ ची स्टँडर्ड एरर होती १.३६, म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा (खरा आकडा बहुधा ज्यात असेल ती मर्यादा) साधारण ०.१ पासून ५.४ पर्यंत. जवळजवळ काही नाही पासून प्रचंड वाढीपर्यंत सगळं त्यात बसतं. रिपोर्टमध्ये मधला एकच आकडा देणं म्हणजे वाचणाऱ्याला अंधारात ठेवणं.

उलट बाजूही आहे. ओरेगॉनच्या लॉटरीत साधारण दोन वर्षांनी बघितलं तर डिप्रेशन स्पष्ट कमी झालं होतं, पण रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. लगेच एका बाजूने ओरड झाली की विम्याने तब्येत सुधारतच नाही. पण "फरक सापडला नाही" आणि "फरक नाही" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पट्टा रुंद असेल तर चांगल्यापैकी सुधारणाही त्यात दडून बसू शकते. आधी पट्टा बघा, मग शून्य म्हणा.

ओरेगॉनमधलीच अजून एक गोष्ट. नंबर लागलेल्या सगळ्यांनी काही विमा घेतला नाही, कुणी फॉर्मच भरला नाही, कुणी अपात्र निघालं, लॉटरी लागल्यामुळे विमा असण्याचं प्रमाण साधारण २५ टक्के पॉइंटनेच वाढलं. तर मग परिणाम कुणाचा मोजायचा? नंबर लागलेल्या सगळ्यांची न लागलेल्यांशी तुलना केली तर "विमा देऊ केल्याचा" परिणाम मिळतो. त्याला ०.२५ ने भागलं की लॉटरीमुळे ज्यांनी खरोखर विमा घेतला त्यांच्यावरचा परिणाम, म्हणजे चौपट. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून जे भीतीदायक नाव ऐकता ते मुळात हा भागाकारच. सरकारला बजेट ठरवायला बहुधा पहिला आकडा कामाचा असतो, डॉक्टरला दुसरा. दोन्ही द्या, आणि कुठला कुठला ते लिहा. विमा घेतलेल्यांची विमा न घेतलेल्यांशी थेट तुलना मात्र चुकूनही नको, चिठ्ठीचा सगळा फायदा त्यात वाया जातो.

पायरी ८: शेजाऱ्यांचं काय, आणि मोठ्या प्रमाणावर काय

आतापर्यंत आपण धरून चाललो की योजनेचा कंट्रोल ग्रुपवर काही परिणाम होत नाही. होतो. केनियात मिगेल आणि क्रेमर यांनी ७५ शाळांमध्ये मुलांना जंताची औषधं देण्याचा अभ्यास केला, २००४ मध्ये छापला, आणि म्हणणं असं की औषध न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला कारण आजूबाजूचा संसर्गच कमी झाला. एकाच शाळेतल्या दोन मुलांची तुलना केली असती तर परिणाम खरा होता त्यापेक्षा कमी दिसला असता. त्या पेपरच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, पण हा मुद्दा टिकून आहे.

फ्रान्समध्ये याच्या उलट झालं. सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करायची योजना होती, आणि अभ्यास करणाऱ्यांनी हुशारी अशी केली की २३५ भागांत किती टक्के तरुणांना मदत द्यायची हेच चिठ्ठ्यांनी वेगवेगळं ठेवलं. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लागल्या, पण काही अंशी त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांच्या तोंडचा घास गेला. साधा प्रयोग असता तर योजना फारच यशस्वी दिसली असती, कारण कंट्रोलवाले योजनेमुळेच मागे पडले होते.

मोठं करताना तर अजूनच. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं प्रयोग झाला, लहान वर्गात, म्हणजे १३ ते १७ मुलांच्या, मुलं जास्त शिकतात असं नीट चिठ्ठ्या टाकून सिद्ध झालं. ते बघून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर खालच्या इयत्तांचे वर्ग २० पर्यंत आणायला सुरुवात केली. एवढे वर्ग म्हणजे तेवढे शिक्षक, ते आणायचे कुठून? नवखे, पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक मोठ्या संख्येने घ्यावे लागले. टेनेसीच्या आकड्यात काही चूक नव्हती, त्या आकड्यात शिक्षकांची टंचाई मोजलेलीच नव्हती. तेव्हा रिपोर्टमध्ये "हे सगळीकडे लागू करावं" असं लिहायच्या आधी विचारा की सगळीकडे केलं तर कुठली गोष्ट कमी पडेल.

पायरी ९: लिहिताना

पहिल्या पानावर आकडा, त्याचा पट्टा, आणि लगेच खाली चार-पाच ओळी: "हा आकडा खरा असायचा तर पुढील गोष्टी खऱ्या असल्या पाहिजेत." त्या साध्या भाषेत लिहा, पॅरलल ट्रेंड्स वगैरे नको. "योजना आली नसती तर या भागातला रोजगार त्या भागासारखाच बदलला असता." "त्याच वर्षी इथे दुसरी कुठली मोठी योजना आली नाही." "निवड यादी वरून बदलली गेली नाही."

मग तो कागद घेऊन, रिपोर्ट पाठवायच्या आधी, योजना प्रत्यक्ष राबवलेल्या दोन-तीन माणसांकडे परत जा, दुसऱ्या पायरीला भेटलेल्यांकडेच, आणि एक-एक ओळ वाचून दाखवा. आकडे दाखवायची गरज नाही. कुणीतरी मध्येच थांबवून "अहो पण त्या वर्षी तर..." असं म्हणालं की वही काढा, तारीख विचारून घ्या, आणि घरी येऊन कोड परत चालवा.